आधी नकाशा, मग सुई

दिवाळीच्या दिवसांत, समोर चकल्या-अनारशांचे ताट मांडलेले असताना पित्ताच्या गोष्टी काढणे रीतीला धरून नाही, हे मला समजते. पण वाचकहो, हे ताट आपण पचवणार कोणाच्या जोरावर? तुपातला अनारसा आणि तेलातली चकली आपल्या पोटात विरघळते ती पित्ताच्या कृपेने. तेव्हा ज्याच्या जिवावर आपण फराळाचा फडशा पाडतो, त्याची वर्षातून एकदा आठवण काढायला हरकत नसावी. शिवाय माझ्या अर्नाळ्याच्या मामांची हकीकत सांगेन सांगेन म्हणून बरेच दिवस मनात घोळते आहे. त्यांच्यामुळे मला जे कळले, ते चार लोकांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. ‘आज पित्त झाले आहे,’ असे आपण म्हणतो तेव्हा आंबट ढेकर, डोकेदुखी असे काहीतरी आपल्या मनात असते. तो बहुधा जठरातल्या आम्लाचा प्रताप. मी म्हणतो ते पित्त यकृतात तयार होते. रंगाने हिरवट-पिवळे, चवीला कडूजहर, आणि दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास. यकृतभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून ते थेंबाथेंबाने गोळा होते. ओहोळ मिळून ओढा व्हावा तशी उजव्या बाजूची एक आणि डाव्या बाजूची एक अशा दोन मोठ्या नळ्या होतात. त्यांचा संगम यकृताच्या दाराशीच होतो आणि पुढे एकच नळी आतड्यात उतरते. हा मार्ग मोकळा असेतो माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तो तुंबला की पित्त उलटे रक्तात चढते आणि डोळे पिवळे होतात.

वैतरणेच्या तोंडावरचा तांडेल

विरार स्टेशनवर उतरून पश्चिमेला निघाले की दहाएक किलोमीटरवर अर्नाळा लागते. वाटेत आगाशी. तिथली सुकेळी ज्याने खाल्ली नाहीत त्याने वसई पाहिली, असे मी म्हणणार नाही. अर्नाळ्याचा किनारा संपला की समोर पाण्यात, वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथे, किल्ल्याचे बेट आहे. १७३७ साली मराठ्यांनी तो किल्ला घेतला, आणि पोर्तुगीजांवरच्या पुढच्या मोहिमेत त्याचा चांगलाच उपयोग झाला. आज तिथे कोळ्यांची वस्ती आहे, कालिकामातेचे देऊळ आहे, आणि येणे-जाणे होडीने. माझे मामा त्या बेटावरचे. साठी उलटली तरी डोल जाळ्याच्या होडीवर तांडेल म्हणून जात असत.

वैतरणेच्या तोंडाशी वाळू फार लबाड. गेल्या वर्षी जिथे दोन पुरुष पाणी होते तिथे यंदा गुडघाभर. नवख्याने होडी घातली की रुतलीच. मामांची रीत ठरलेली होती. पावसाळा संपला की मोठ्या उधाणाच्या ओहोटीला ते किल्ल्याच्या तटावर जाऊन बसत. पाणी मागे सरले की वाळूचे दांडे उघडे पडतात आणि मधले पाण्याचे फाटे चकाकू लागतात. कोणता फाटा समुद्रापर्यंत जातो आणि कोणता मध्येच मरतो, हे डोळ्यांत साठवून घ्यायचे आणि मग भरतीला होडी घालायची. “बघितल्याशिवाय होडी घालायची नाही,” हे त्यांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे परळच्या एका खोलीत तेच वाक्य वेगळ्या तोंडून ऐकायला मिळेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

कावीळ उतरवतात, पण कोणती?

२०२३ सालची होळी झाली आणि आठ-दहा दिवसांत मामींचा निरोप आला, ‘मामांचे डोळे हळदीसारखे झालेत.’ मी शाळा आटोपून बेटावर गेलो. मामा खाटेवर बसून अंग खाजवीत होते. ओरबाडून ओरबाडून हातापायांवर रक्त आले होते. “पोरा, दुखलं तर सोसता येतं रे, ही खाज नाही सोसत,” एवढेच म्हणाले. रात्र रात्र झोप नाही, लघवी चहासारखी, शौचाला चिकणमातीच्या रंगाची.

आता आपल्याकडे कावीळ म्हटली की डॉक्टरच्या आधी कावीळ उतरवणारा आठवतो. कोणी गळ्यात माळ घालतो आणि ती लांबत जाते. कोणी देवडांगरीचा रस नाकात टाकतो. कोणी हातांना काही चोळून चुन्याच्या निवळीत धुवायला लावतो आणि पाणी पिवळेधमक होते. पाहणाऱ्याला वाटते, कावीळ उतरली! पण आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आला की पाणी पिवळे होणारच. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी ते तसेच होईल.

तरीही या मंडळींची कीर्ती होते, आणि त्याला कारण आहे. दूषित पाण्यातून येणारी जी नेहमीची कावीळ, तिच्यात यकृताला विषाणूंमुळे सूज येते, आणि बहुतेक माणसे काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. माळ घाला, नाहीतर घालू नका. श्रेय मात्र माळेला जाते. पण दुसरी कावीळ वाट तुंबल्याची. तिथे माळ कितीही लांबली तरी तुंबलेली नळी मोकळी होत नाही. मामांच्या या उपचारांत तीन आठवडे गेले. मी शिकलेला भाचा. मी तरी आग्रह धरायला हवा होता. ‘मामी नाराज होतील’ म्हणून गप्प राहिलो. याची टोचणी मला अजून आहे.

पहिली सुई

एप्रिल उजाडला आणि आम्ही त्यांना एका रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत दिसले की यकृतातल्या नळ्या फुगल्या आहेत, म्हणजे अडथळा आहे. रक्तातले काविळीचे प्रमाण बावीस. निरोगी माणसात ते एकच्या आत-बाहेर असते. तोंडावाटे दुर्बीण घालून खालून वर नळीत शिरायचे, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांवर वाट पाहायची आणि जमल्यास तिथेच नळी बसवायची, असे ठरले. ही युक्ती १९६८ साली अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी प्रथम केली. खालच्या टोकाला खडा अडकला असेल तर तिच्यासारखा उपाय नाही, आणि तिने कितीतरी लोकांचे पोट फाडणे वाचविले आहे.

पण मामांचा अडथळा खाली नव्हता. तो वर, उजव्या-डाव्या नळ्यांच्या संगमावरच होता. रंगद्रव्य अडथळ्यापलीकडे उजव्या बाजूच्या कप्प्यांत गेले. नळी मात्र गेली नाही. तुंबलेल्या डबक्यात बाहेरचे पाणी ओतावे आणि उपसा करू नये, तसे झाले. दुसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप चढला. पित्तमार्गाला जंतुदोष झाला होता. प्रतिजैविके देऊन त्यांना सावरले, पण पाच दिवस आम्ही सारे अधांतरी होतो.

मी कोणाला दोष देत नाही. कावीळ वाढत होती, चुंबकचित्राच्या तपासणीला तारीख पुढची मिळत होती, म्हणून घाई झाली. परंतु मामांनी त्यातून एकच अर्थ काढला. घरी आल्यावर म्हणाले, “आता सुई नको, नळी नको. जे व्हायचं ते बेटावर होऊ दे.” मामी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

परळची वाट

आमच्या भागातल्या माणसाला मोठा आजार झाला की शेवटी विरार लोकल धरून दादर आणि तिथून परळ. १९२६ साली के. ई. एम. आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय जिथे उभे राहिले, त्या परळात आजही पहाटेपासून गावोगावच्या पिशव्या फुटपाथवर टेकलेल्या दिसतात. मामांना मी तिकडे नेले ते ‘फक्त विचारून येऊ’ एवढ्या बोलीवर.

तिथे आमची गाठ पडली ती तिशी-पस्तिशीच्या एका डॉक्टर बाईंशी. त्यांची विद्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीची. म्हणजे नुसती चित्रे वाचायची नाहीत, तर चित्रात पाहत पाहत सुईच्या छिद्रातून उपचार करायचे. पोट उघडायचे नाही. त्यांनी कागद वाचले, मामांचे पोट तपासले आणि म्हणाल्या, “काका, मी आज काहीच करणार नाही. आधी बघू.”

मामांनी मान वर केली. “काय बघणार?”

“पाणी कुठं साचलंय ते. बघितल्याशिवाय सुई घालायची नाही.”

मामा माझ्याकडे पाहू लागले. परळच्या त्या दवाखान्यात ते पहिल्यांदा किंचित हसले.

लोखंडाचा शत्रू

चुंबकीय अनुनाद-चित्रण, म्हणजे ज्याला सारे जण एम. आर. आय. म्हणतात, त्याचे नाव ऐकताच मामी घाबरल्या. त्यांनाही तेवढेच कारण होते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्याच एका रुग्णालयात अशा यंत्राच्या खोलीत प्राणवायूचे लोखंडी नळकांडे नेले गेले, चुंबकाने ते खेचून घेतले आणि रुग्णासोबत आलेला एक तरुण प्राणाला मुकला. ही बातमी सर्वांच्या ध्यानात आहे. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या यंत्राचे चुंबक दीड टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. आणि यंत्र ‘बंद’ दिसले तरी चुंबक जागेच असते. म्हणूनच दारावर इतकी चौकशी करतात. ती कटकट समजू नका. ती आपल्याच भल्याची आहे.

मामांची चौकशी लांबली. कमरेची चांदीची साखळी काढली, दंडावरचा ताईत काढला. तो त्यांच्या आईने बांधलेला. काढताना हात थरथरला. मामींनी तो पदराच्या गाठीत बांधून घेतला. मग प्रश्न आला, “डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?” तरुणपणी होडीचे इंजिन दुरुस्त करताना गेला होता. झाले! आधी डोळ्यांचा क्ष-किरण फोटो काढला. लोखंडाचा कण डोळ्यात राहिला असेल तर चुंबक त्याला हलवील आणि दृष्टीच जाईल. फोटो साफ आला तेव्हा कुठे मामांना आत घेतले.

आत लोहाराच्या भात्यापाशी घण पडावेत तसा ठोकठोक आवाज. कानांत बोळे. मधून मधून सूचना येते, ‘श्वास रोखा.’ पुष्कळांना हे जमत नाही आणि चित्र हलते. मामांना काय कठीण? पाण्याखाली अडकलेला दोर सोडवायला बुडी मारणारा माणूस! बाहेर आल्यावर म्हणाले, “एवढंच? मी तर अजून रोखला असता.”

शिंपली आणि पाण्याची दोन नळकांडी

या यंत्राचा जन्म कसा झाला, तेही सांगण्यासारखे आहे. १९७१ साली पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला खाणावळीत बसला असताना एक कल्पना सुचली. चुंबकत्व सगळीकडे सारखे न ठेवता एका बाजूकडून दुसरीकडे वाढत नेले, तर आलेला संदेश शरीरातल्या कोणत्या जागेवरून आला हे ओळखता येईल. त्याने प्रबंध धाडला तो ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकाने प्रथम साभार परत केला; पुढे १९७३ साली छापला. त्यातले चित्र कशाचे होते? साध्या पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळकांड्यांचे. आणि त्यानंतर जिवंत प्राण्यांपैकी पहिला मान मिळाला तो एका चिमुकल्या शिंपलीला. लॉटरबरच्या मुलीने ती समुद्रकिनाऱ्यावर वेचलेली होती. हे ऐकून मामा म्हणाले, “म्हणजे सुरुवात आमच्याकडूनच!” लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्राचे मर्म असे. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांचे केंद्र म्हणजे जणू इवलेसे चुंबक. मोठ्या चुंबकात ते शिस्तीने उभे राहतात. रेडिओच्या लहरींनी त्यांना डिवचले की ते डळमळतात आणि पुन्हा जागेवर येताना स्वतः बारीकसा संदेश देतात. आता पित्त हे बहुतांश पाणीच. शिवाय तुंबलेले, स्थिर. घट्ट मांसाचा संदेश चटकन विझतो, साचलेल्या पाण्याचा बराच वेळ टिकतो. मी मास्तर आहे म्हणून शाळेतलाच दाखला देतो. तासाची घंटा झाल्यावर जरा थांबून व्हरांड्यातून कान द्या. मास्तर हजर असलेले वर्ग गप्प झालेले असतात आणि ज्या वर्गावर मास्तर नाहीत तेवढाच बोलत असतो. तसे यंत्र थोडे थांबून ऐकते, आणि चित्रात साऱ्या काळोखात फक्त पित्ताच्या नळ्या पांढऱ्याशुभ्र उमटतात. ही पद्धत १९९१ साली जर्मन डॉक्टरांनी मांडली. तिला ना सुई लागते, ना पित्तमार्गात रंगद्रव्य सोडावे लागते. ज्या रंगद्रव्याने मामांना ताप आणला, त्याच्याशिवायच सारी वाट दिसते.

तांडेल नकाशा वाचतो

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसविले. काळ्या पटावर पांढरे झाड, पण मधूनच तोडलेले. मी नुसता पाहत राहिलो. मामा मात्र खुर्ची पुढे ओढून वाकले.

“ही ओहोटीची खाडी दिसते,” ते म्हणाले. “हे फाटे. वाळू इथं साचली आहे ना?” त्यांचे बोट बरोबर संगमावर होते.

“अगदी तिथंच,” बाई म्हणाल्या. “आता उजवीकडे बघा.”

उजवीकडचे फाटे लहान लहान, एकमेकांपासून तुटलेले होते. यकृताचा तो भाग आकसून गेला होता. डावीकडचा भाग त्याचे काम अंगावर घेऊन वाढला होता आणि तिथल्या नळ्या फुगून एकमेकींना जोडलेल्या होत्या. जणू एकच मोठे तळे.

बाईंनी समजावून सांगितले. यकृत बाहेरून एक दिसले तरी आतून त्याचे आठ भाग आहेत. क्लोद क्विनो या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९५७ साली ते पाडून दाखविले. प्रत्येक भागाची पित्तनळी स्वतंत्र. संगमावर गाठ आली की सगळ्या वाटा एकदम तुटतात. मग सर्व भागांत सुया घालायच्या का? नाही. कामाचे यकृत निम्म्याहून अधिक मोकळे झाले की बहुधा कावीळ उतरते. वाळलेल्या भागात नळी घालून फायदा नसतो. उलट ज्या कप्प्याचा उपसा होणार नाही त्याला डिवचले की ताप येतो. “म्हणून या चित्राचा पहिला उपयोग सुई कुठं घालायची हे कळण्याचा नाही,” त्या म्हणाल्या, “कुठं घालायची नाही, हे कळण्याचा आहे. उजवीकडे मी हातही लावणार नाही. डावीकडे एकच सुई.”

मामा बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, “आणि ही वाळू निघेल?”

बाईंनी उत्तर टाळले नाही. “नाही काका. ती गाठ आहे आणि ती कर्करोगाची आहे असं मला वाटतं. तुकडा तपासून कळेल. ऑपरेशन करून काढता येईल अशा जागी ती नाही. नळीनं गाठ जाणार नाही. पण खाज जाईल, झोप येईल, जेवण जाईल, आणि कावीळ उतरली तर औषध देता येईल.”

मामी रडू लागल्या. मामा म्हणाले, “खाज जाईल ना? मग घाला. आधी दाखवलंत, हे बरं केलंत.”

वाचकहो, ज्या माणसाने सुई नको म्हणून हट्ट धरला होता त्याला कोणी उपदेश केला नाही, कोणी भीती घातली नाही. त्याला नकाशा दाखविला, एवढेच.

सुईचे काम

यकृतातल्या नळीत बाहेरून सुई घालण्याची कल्पना तशी जुनी. १९३७ साली हानोईत ह्युआर आणि दो झुआन होप या डॉक्टरांनी ती प्रथम वापरली. पण तेव्हाच्या जाड सुईने रक्तस्राव होई, पित्त पोटात झिरपे. १९७४ च्या सुमारास जपानमधील चिबा विद्यापीठात ओकुदा यांनी अगदी बारीक, लवचिक सुईची पद्धत रूढ केली. ती आजही ‘चिबा सुई’ म्हणूनच ओळखली जाते. त्याच वर्षी सुईच्या वाटेने नळी बसवून पित्त बाहेर काढण्याची रीतही प्रसिद्ध झाली.

काविळीत रक्त लवकर गोठत नाही, म्हणून मामांना आधी ‘के’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, प्रतिजैविकही दिले. मग भूल फक्त कातडीपुरती. छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या बाजूने, सोनोग्राफीवर पाहत बाईंनी सुई डाव्या नळीत घातली. शेजारच्या पडद्यावर चुंबकचित्र लावलेले होते. त्या मधून मधून त्याकडे पाहत. सुईतून पित्त आले. सुईतून बारीक तार, तारेवरून अडीच-तीन मिलिमीटर जाडीची नळी. रंगद्रव्य सोडले तेही थेंब मोजून. तासाभरात मामा बाहेर आले. बाजूला लटकणाऱ्या पिशवीत काळपट हिरवे पित्त उतरत होते.

चौथ्या रात्री मामा झोपले. सलग सहा तास. मामी सकाळी मला म्हणाल्या, “अहो, मी मध्ये मध्ये उठून बघत होते, श्वास चालू आहे ना!”

इथे एक खुलासा करायला हवा. मामांच्या बाबतीत चुंबकचित्राने वाट दाखविली आणि प्रत्यक्ष सुई सोनोग्राफीवर व क्ष-किरणांवर चालविली. आपल्याकडची नेहमीची रीत हीच. जर्मनीत याच्या पुढे जाऊन, बाजूंनी उघड्या असलेल्या चुंबकयंत्रातच रुग्णाला ठेवून, चित्र क्षणाक्षणाला पाहत पित्तनळीत सुई घालण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यात क्ष-किरणांचा मारा टळतो आणि सोनोग्राफीला न दिसणारी अरुंद नळीही गाठता येते. पण साध्या पोलादाची सुई तिथे चालत नाही. चुंबक तिला ओढील आणि चित्रात काळा डाग पडेल. सुया, तारा, सारेच निराळ्या धातूचे हवे. शिवाय अशी यंत्रे थोडी आणि खर्च मोठा. पवईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने देशी बनावटीचे एम. आर. आय. यंत्र बनविण्याचे काम हाती घेतले आहे आणि ते दिल्लीच्या एम्समध्ये चाचणीसाठी बसविण्याचे २०२५ साली जाहीर झाले. यंत्र इथेच बनू लागले तर तपासणीची तारीख लवकर मिळेल आणि माझ्या मामांसारख्यांच्या बाबतीत घाई होणार नाही, एवढीच माझी आशा.

पिशवी घेऊन बेटावर

खरी परीक्षा पुढेच होती. नळी घेऊन माणसाला बेटावर न्यायचे कसे? होडीत चढताना पाण्यातून जावे लागते आणि नळीच्या तोंडाला खारे पाणी लागता कामा नये. गावच्या चार पोरांनी मामांना खुर्चीसकट उचलून होडीत ठेवले. आयुष्यभर इतरांना हात देऊन होडीत घेणारा माणूस. त्याने डोळे मिटून घेतले होते.

मामींना बाईंनी सारे शिकवून ठेवले होते. हात साबणाने धुवायचे, दहा मिलिलिटर सलाईन हळूच आत सोडायचे, पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. ताप आला, पित्त एकदम थांबले किंवा रक्त दिसले तर त्याच दिवशी निघायचे. आठवीत शाळा सोडलेल्या त्या बाईने हे काम एखाद्या परिचारिकेला लाजवील असे केले. आणि मामांनी, ज्या वहीत भरती-ओहोटीच्या वेळा आणि माशांचे वजन लिहीत, तिच्यातच रोज पडलेल्या पित्ताचे माप लिहायला सुरुवात केली. बावीसचा आकडा तीन आठवड्यांत चारच्या खाली आला. मग परळला जाऊन त्याच वाटेने अडथळ्यावर जाळीदार धातूची नळी कायमची बसविली, बाहेरची पिशवी गेली आणि तपासणीत निघालेल्या कर्करोगावर औषध सुरू झाले.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. मामांची ती दोन महिन्यांची विश्रांती औषधाच्या फेऱ्यांत गेली. ३० ऑगस्टला नारळी पौर्णिमा आली. मामा पांढरा सदरा घालून, स्वतःच्या पायांनी किनाऱ्यापर्यंत चालत आले आणि त्यांनी समुद्राला नारळ दिला. त्यानंतरच्या उधाणाच्या ओहोटीला मुलाला घेऊन ते तटावर गेले. वाळू यंदा कुठे सरकली आहे ते बोटाने दाखवीत बसले. मी मागे उभा होतो. “हा फाटा दिसतो रुंद, पण पुढं मेलेला आहे. यात घालू नको. त्या बाजूनं जा.”

मार्गशीर्षात मामा गेले. घरी, आपल्या खाटेवर, दंडावर तो ताईत. शेवटच्या दिवसांत अशक्तपणा होता, वेदनाही होत्या. पण खाज परत आली नाही. आजार कळल्यापासून ते आठ महिने लाभले. त्यांतले बहुतेक त्यांनी माणसासारखे जगून घेतले. मामी आजही म्हणतात, “त्या बाईनं आधी दाखवलं म्हणून ते तयार झाले. नाहीतर खाजवून खाजवूनच गेले असते.”

वाचकहो, सणाच्या दिवशी फार गंभीर बोलत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डोळे पिवळे झाले आणि त्यासोबत अंगाला खाज सुटली, शौचाचा रंग मातकट झाला, तर माळ, चुना यांत एक दिवसही घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या. पुष्कळदा तो नुसता खडा असतो आणि निघूनही जातो. दुसरे असे की अडथळा वरच्या बाजूला आहे असे सांगितले, तर नम्रपणे एवढे विचारा, “डॉक्टर, आधी नकाशा काढायचा का?” ताप चढलेला असेल तर थांबायला सवड नसते, ते डॉक्टरच ठरवतील. पण सवड असेल तर चांगला डॉक्टर त्या प्रश्नाचा राग धरणार नाही. चांगला तांडेल तरी कधी धरतो?

आता चकली घ्या. मामांचा मुलगा यंदा तांडेल झाला आहे. त्याने धाडलेले सोडे आमच्या घरी आले आहेत आणि पाडवा झाला की त्यांचेच कालवण आहे.